३० पैकी ९

इनसेमचे, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेचे, पेपर तपासून झाले की ते मुलांना दाखवायचे असतात आमच्याकडे. गठ्ठा घेऊन वर्गात जायचं, रोल नंबरप्रमाणे हाका मारायच्या, ज्याने त्याने आपला पेपर बघायचा, टोटल चुकली असेल तर सांगायचं, सही करायची आणि परत द्यायचा. वीसेक मिनिटांचं काम. मी एफ.ई.ला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, मॅथ्स शिकवते, बरीच वर्षं झाली आता, आणि यंदा पेपर वाटताना मी नुसती मुलांच्या हातांकडे बघत होते. काही मुलं पेपर हातात आला की लगेच आतली पानं उलटतात, कुठे कापले, किती कापले, मॅम इथे स्टेपचा एक मार्क द्या ना, असं सगळं सुरू होतं त्यांचं. आणि काही मुलं फक्त पहिल्या पानावरचा आकडा बघतात, पेपर उभा दुमडतात, बाकावर उपडा ठेवतात आणि सहीसाठी पेन शोधायला लागतात. आत बघतच नाहीत.

ही दुसरी मुलं मला जास्त काळजीत टाकतात. मार्क कमी असतात म्हणून नाही हां, कारण पहिल्या प्रकारातही १० वाले, ११ वाले असतातच की.

माझ्या मेंटॉरिंगच्या बॅचमध्ये, म्हणजे ज्या वीस मुलांची मी जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षिका, आहे त्यांच्यात, मराठवाड्यातला एक मुलगा आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावी तालुक्याच्या गावी, सीईटीला चांगले पर्सेंटाइल, घरातला इंजिनिअरिंगला आलेला पहिलाच. त्याला ३० पैकी ९ होते. पेपर दुमडून ठेवलेला. मी जवळ जाऊन म्हटलं, अरे बघ तरी आत काय चुकलंय, तर खाली बघूनच म्हणाला, "नको मॅम, काय बघायचं. माझं मॅथ्सच कच्चंय पहिल्यापासून." आणि मग थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "इंजिनिअरिंगच चुकलं माझं."

ते ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डाच पडला, कारण हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. शब्द थोडे वेगळे असतील, पण सूर हाच.

२००८ मध्ये मी एस.ई.ला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होते आणि एम थ्रीमध्ये, म्हणजे मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरमध्ये मला १०० पैकी ३८ पडले. पासिंग ४० ला. आणखीही विषय राहिले होते त्यामुळे ग्रेसमध्ये वगैरे बसायचा प्रश्नच नव्हता, इयर डाऊन लागलं, म्हणजे वर्ष गेलं, ज्याला आम्ही सगळे वायडी म्हणायचो आणि तो शब्द उच्चारतानासुद्धा आवाज आपोआप खाली जायचा. माझ्या रूममेटलाही त्याच विषयात ३६ होते. तिने दुसऱ्या दिवशी जाऊन तपासलेल्या पेपरच्या फोटोकॉपीचा फॉर्म भरला, पेपर आल्यावर सीनियरला दाखवला, रिव्हॅल म्हणजे फेरतपासणी टाकली आणि तिचा विषय निघाला. मला तिने तीनदा विचारलं असेल, चल ना माझ्याबरोबर, दोन मार्कांचाच प्रश्न आहे तुझा. मी गेले नाही. मी म्हटलं काही उपयोग नाही, माझ्या पाचवीलाच पुजलंय हे. २ मार्क. इतक्या वर्षांनंतरही तो आकडा तसाच्या तसा डोळ्यापुढे येतो. ते भरून मला मिळालेच असते असं माझं म्हणणं नाही, कदाचित नसतेही मिळाले. पण मी बघितलंच नाही. पेपरात काय चुकलं होतं ते मला आजही माहीत नाही.

पुढे शिकवायला लागल्यावर, विशेषतः मेंटॉरिंग गळ्यात पडल्यावर मी यावर वाचायला लागले. माझा विषय मानसशास्त्र नाही, त्यामुळे जे समजलं ते माझ्या पद्धतीने लिहितेय.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते, वाचताना वाईट वाटतं ते, पण त्यातून दिसलं ते असं की ज्या कुत्र्यांना सुरुवातीला असे शॉक बसले जे काहीही केलं तरी थांबत नव्हते, त्यातली बरीचशी नंतर अगदी बुटकी भिंत ओलांडून सहज सुटता येत असतानासुद्धा जागेवरच बसून राहिली. हातपाय गाळणे म्हणतो ना आपण, अक्षरशः ते. पण सगळे कुत्रे तसे बसले नाहीत, आणि माणसांमध्ये तर सगळेच बसत नाहीत. मग कोण बसतं आणि कोण उठतं, हा प्रश्न. १९७८ मध्ये लिन अब्रॅमसन, सेलिग्मन आणि जॉन टीसडेल यांनी त्याचं जे उत्तर मांडलं ते मला एकदम पटलं. त्यांचं म्हणणं, वाईट गोष्ट घडली की माणूस स्वतःला तिचं कारण सांगतो, आणि त्या कारणात तीन गोष्टी बघायच्या: हे कायमचं आहे की या वेळेपुरतं, हे सगळीकडे लागू आहे की एवढ्याच बाबतीत, आणि हे माझ्यामुळेच आहे की बाहेरचंही काही आहे.

आता त्या मुलाचं वाक्य परत वाचा. "पहिल्यापासून" म्हणजे कायमचं. "माझं मॅथ्सच कच्चंय" म्हणजे माझ्यामुळेच. आणि एका तासाच्या, दोन युनिटच्या पेपरवरून "इंजिनिअरिंगच चुकलं" म्हणजे सगळीकडचं. तिन्ही एकाच दमात. तिथे तो मार्कांबद्दल बोलतच नव्हता.

निराशावाद म्हटलं की आपल्याला वाटतं तोंड पाडून बसणारा, सतत रडगाणं गाणारा कोणीतरी. मी पण तसंच समजायचे. पण बॅचमधली अशी कितीतरी मुलं कँटीनमध्ये सगळ्यात जास्त हसणारी असतात, गॅदरिंगला स्टेजवर असतात, त्यांच्याकडे बघून तुम्हाला कळणारही नाही. तो निराशावाद चेहऱ्यावर नसतोच, तो कारणात असतो. ९ का पडले या प्रश्नाच्या उत्तरात. आणि ते उत्तर मुलगा कोणालाच सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते मत नाहीच, ती वस्तुस्थिती आहे, जसं माझी उंची पाच फूट सात इंच तसं माझं मॅथ्स कच्चं.

आणि टेन्शन तिथून तयार होतं. म्हणजे कसं ते मी दर सेमिस्टरला बघते. मॅथ्स येणारच नाही म्हटल्यावर ट्युटोरिअलला प्रश्न विचारायचा नाही, विचारून काय होणार. शंका साठत जातात. मग ट्युटला जायलाच नको वाटतं कारण आता कुठली शंका विचारू हेही कळत नाही. अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली. मग डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, ती लिस्ट नोटीस बोर्डवर, घरी फोन. असाइनमेंट राहिलेल्या. आणि मग सबमिशनचा आठवडा येतो, तो ज्यांनी काढलाय त्यांनाच माहिती, ग्राफिक्सच्या शीट, जर्नल, फाइलवर सह्या, एक सर स्टाफरूममध्ये नाहीत तर दुसऱ्या मॅडम उद्या या म्हणतात, रात्री अडीच-तीनपर्यंत जागून कोणाचं तरी उतरवून काढायचं, मेसचा डबा तसाच पडून, आणि लगेच मागून ओरल आणि एंडसेम, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. या सगळ्याला मुलं "अभ्यासाचं टेन्शन" म्हणतात, आणि ते आहेच, खोटं नाहीये, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, पोट बिघडतं. पण धागा मागे मागे ओढत गेलात तर ऑगस्टमधल्या कुठल्यातरी दुपारी एक प्रश्न विचारायचा राहिलेला असतो, काही उपयोग नाही म्हणून.

आणि मग हे उलटंही फिरतं. चार रात्री न झोपलेल्या माणसाला जग चांगलं दिसत नाही, मलाही नाही दिसत. त्या थकव्यात पेपर वाईट जातो आणि मनातलं वाक्य म्हणतं, बघ, सांगितलं होतं ना. पुरावाच मिळाला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते अगदी खरं, फक्त मला त्यात एवढंच घालावंसं वाटतं की मन नुसतं चिंतून थांबत नाही, ते तसं घडवूनही आणतं.

हे नुसतं माझं निरीक्षण असतं तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. १९८७ मध्ये क्रिस्टोफर पीटरसन आणि लिसा बॅरेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला होता. जी मुलं वाईट घटनांची कारणं अशी कायमची, सगळीकडची आणि स्वतःवर घेणारी सांगत होती त्यांना वर्षाअखेर ग्रेड कमी मिळाल्या, आणि मुद्दा असा की त्यांची आधीची कुवत हिशेबात धरूनसुद्धा कमी मिळाल्या. म्हणजे हुशारी तेवढीच, मार्क कमी. पण मला त्यातलं दुसरंच काहीतरी लागलं. या मुलांची अभ्यासाची ध्येयं मोघम होती, आणि ही मुलं आपल्या सल्लागार शिक्षकांकडे कमी जात होती. वाचलं आणि मला माझ्या जीएफएम मीटिंगचा रिकामा वर्ग आठवला. दर शुक्रवारी वीसातली आठ-नऊ मुलं येतात, आणि येतात ती बहुतेक तीच ज्यांचं बरं चाललेलं असतं. ज्यांच्यासाठी ही मीटिंग ठेवलीय ती येत नाहीत. आधी मला राग यायचा, बेफिकीर आहेत वाटायचं. बेफिकीर नसतात हो. त्यांचं मनातल्या मनात ठरलेलं असतं की मॅडमकडे जाऊन काय होणार.

शायर आणि कार्व्हर या दोघांचं १९८५ चं कामही असंच कॉलेजच्या मुलांवरचं आहे, सेमिस्टर संपायच्या आधीचे शेवटचे काही आठवडे. त्यात दिसलं की ज्यांना पुढे बरं होईल अशी साधारण अपेक्षा असते त्यांना त्या धावपळीच्या दिवसांत शरीराच्या तक्रारी कमी होतात, थकवा, डोकेदुखी वगैरे. परीक्षा सगळ्यांना तीच.

पण इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तिचा फार घोटाळा होतो. माझ्याच बॅचमध्ये एक मुलगी आहे, ती प्रत्येक पेपरच्या आधी म्हणते मी नापास होणार. प्रत्येक. पेपरच्या दिवशी हात थंडगार पडलेले असतात तिचे, आणि मिळतात २६, २७. मैत्रिणी वैतागतात, नाटकं करते म्हणतात, आणि पूर्वी मीसुद्धा तिला म्हणायचे की अगं शुभ बोल, पॉझिटिव्ह राहा. तर नाटक नसतं ते. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये यावर लिहिलंय, काही माणसं वाईटात वाईट काय होईल ते आधी डोळ्यासमोर आणतात आणि ते होऊ नये म्हणून तयारीला लागतात, त्यांची भीतीच त्यांना टेबलाशी बसवते. आणि अशा माणसाला जबरदस्तीने "सगळं छान होईल" म्हणून गप्प केलं तर त्याची कामगिरी बिघडूही शकते. म्हणून मी आता तिला काही म्हणत नाही. ती म्हणते पाचवं युनिट येणारच नाही मला, मी म्हणते बरं, पाचव्यातलं काय येणार नाही, आणि ती वही उघडून दाखवते.

फरक इथे आहे माझ्या मते. भीती वाटली की वही उघडते का पांघरूण ओढलं जातं. नन्नाचा पाढा दोघंही वाचतात, वरून ऐकायला अगदी सारखा.

म्हणूनच त्या पॉझिटिव्ह थिंकिंगच्या लेक्चर्सची मला मनापासून चीड येते, खरंच सांगते. सेमिनार हॉलमध्ये दोनशे मुलांना बसवून आरशासमोर उभं राहून मी हुशार आहे म्हणा असं सांगायचं. ज्याला ९ पडलेत त्याला ते म्हणताना आपण खोटं बोलतोय हे कळत असतं, आणि एवढं म्हणूनही मला बरं वाटत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय, असं अजून एक ओझं घेऊन तो बाहेर येतो. आपल्याकडे मराठीत कि. मो. फडके सरांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती किती वर्षं खपून लोकांपर्यंत आणली, त्यात गोड बोलून स्वतःला फसवायला कुठेच सांगितलेलं नाही. एलिस काय म्हणतात, घटना घडते, मग तिच्याबद्दलचा आपला समज, आणि मग त्रास, आणि आपल्याला वाटतं घटनेतून थेट त्रास आला. मधला समज तपासायचा. तपासायचा म्हणजे गणित तपासतो तसाच, स्टेप बाय स्टेप, कुठली ओळ पुराव्याशिवाय लिहिली गेलीय ते बघायचं.

तर मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी चार वाजता बोलावलं. आला. येईल की नाही शंका होती मला. त्याचा पेपर काढला, मध्ये टेबलावर उघडून ठेवला आणि म्हटलं आज आपण मॅथ्स शिकायचं नाहीये, फक्त तुझे २१ मार्क कुठे गेले ते शोधायचं, हिशेब लागला पाहिजे.

पहिला सापडला फोरियर सिरीजचा. पूर्ण गणित बरोबर मांडलेलं, इंटिग्रेशन बाय पार्ट्स नीट केलेलं, अक्षरसुद्धा बघण्यासारखं, आणि मधल्या एका ओळीत कॉस एन पाय (cos nπ) बरोबर १ लिहिलेलं. ते उणे १ चा एनवा घात असतं, म्हणजे एन सम असला की १ आणि विषम असला की उणे १. तिथून खाली सगळं उत्तर गेलं. मी विचारलं इथे १ का लिहिलंस, तर बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, मॅम आदल्या रात्री मी ० ते २ पायवाली गणितं केली होती. आणि बरोबर आहे, त्यात कॉस टू एन पाय येतं आणि ते नेहमी १ च असतं. पेपरला हाफ रेंज आली, ० ते पाय, आणि हाताने सवयीने १ लिहून टाकलं. ६ मार्क. म्हणजे जे गेलं ते न अभ्यास करून नाही गेलं, आदल्या रात्रीच्या अभ्यासाची सवय चुकीच्या जागी वापरून गेलं. मी त्याला म्हटलं, ज्याचं मॅथ्स कच्चं आहे त्याला ही चूक करताच येत नाही रे. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागला तिथे.

मग टेलर सिरीजचा प्रश्न, ४ मार्क, ते खरोखरच आलं नव्हतं. तो टॉपिक झाला तेव्हा तो तापाने गावी गेला होता आणि नंतर कोणाची वही घेतली नाही. ते तसंच लिहून ठेवलं आम्ही, येत नाही म्हणून.

राहिले ११. ते दोन प्रश्न त्याने सोडवलेलेच नव्हते, पानं कोरी. वेळ पुरला नाही का विचारलं तर आधी हो म्हणाला, मग म्हणाला तसं नाही मॅम. पहिलाच प्रश्न अडला, त्यात पंचवीस मिनिटं गेली, एका तासाचा पेपर, आणि मग डोक्यात आलं की पहिलाच नाही आला म्हणजे गेलाच आता. पुढचे प्रश्न वाचले पण कळतच नव्हतं काय वाचतोय. हे होतं, कारण ज्या जागेत डोकं गणिताच्या पायऱ्या धरून ठेवतं तीच जागा काळजी भरून टाकते, आकडेमोडीला जागाच उरत नाही. त्याने त्याची वही आणली होती. त्या दोन प्रश्नांपैकी एक, आकडे जरासे वेगळे, वहीत सोडवलेला होता. त्याच्याच अक्षरात, खाली उत्तराला दोन रेघा मारून.

६, ४, ११. एका कागदावर लिहिले त्याने. बेरीज २१. बराच वेळ तो त्या कागदाकडे बघत होता आणि मी पण काही बोलले नाही.

आता यातून कोणी असा अर्थ काढू नका की सगळं मुलांच्या डोक्यात आहे, विचार बदला की झालं. तसं म्हणणारा माणूस मला क्रूर वाटतो. या मुलाच्या वडिलांचं सोयाबीन गेल्या वर्षी पाण्यात गेलं, स्कॉलरशिपचे पैसे वेळेवर येत नाहीत, कॉटबेसिसवर सहा जणांत राहतो, आणि दहावीपर्यंत ज्याने सगळं गणित मराठीतून केलं त्याला इथे सगळं इंग्रजीतून येतं आणि बाकीची मुलं तर आधीच क्लासमध्ये शिकून आलेली असतात. हा ताण खरा आहे आणि त्याचं उत्तर कॉलेजने, सरकारने, आपण सगळ्यांनी द्यायचंय. माझं म्हणणं इतकंच की त्या खऱ्या ओझ्यावर "माझ्यातच खोट आहे" हे अजून एक धोंडा ठेवू नये, आणि तो धोंडा बऱ्याचदा आम्हीच ठेवतो. स्टाफरूममध्ये मी स्वतः ऐकलंय, ही बॅचच डब्बा आहे. मीसुद्धा एकदा भर वर्गात म्हटलंय, तुमचं बेसिकच कच्चंय. बेसिक कच्चं! तोच शब्द, बघा, त्या मुलाच्या तोंडातला. तो त्याला कोणी दिला असेल असा विचार मनात आला आणि मी तो शब्द वापरणं सोडलं. घरीही तेच असतं, आपल्यात कोणाला जमलंय का गणित, असं कौतुकाच्या सुरातसुद्धा म्हटलं जातं, पोराला बरं वाटावं म्हणून, पण पोर त्यातलं "आपल्यात" आणि "कोणाला" तेवढं उचलतं.

मग याच्यावर करता काय येईल, तर १९८२ चा एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे. ड्यूक विद्यापीठात टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी पहिल्या वर्षाला मार्कांनी धास्तावलेल्या काही मुलांना एवढंच सांगितलं की पहिल्या वर्षी बऱ्याच जणांचे मार्क कमी असतात आणि पुढे सुधारतात, आणि सीनियर मुलांचे व्हिडिओ दाखवले ज्यात ते आपलेच मार्क कसे वाढत गेले ते सांगतात. बस. अभ्यास शिकवला नाही, उपदेश नाही. ज्यांना हे सांगितलं त्यांच्यातली ५ टक्के मुलं पुढे कॉलेज सोडून गेली, ज्यांना नाही सांगितलं त्यांच्यातली २५ टक्के. मुलं थोडीच होती प्रयोगात, त्यामुळे आकड्यांना फार चिकटू नये, पण त्यांनी हात कुठे घातला ते बघा ना, "कायमचं" याच्यावर.

मी तेच केलं यंदा माझ्या परीने. टी.ई.च्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या तिघांना बोलावलं वर्गात, तिघांचाही एम वन, म्हणजे मॅथ्सचा पहिला पेपर राहिला होता एफ.ई.ला. त्यांना म्हटलं मोटिव्हेशन द्यायचं नाही, फक्त किती पडले होते, पहिल्या रात्री काय केलं आणि नंतर कसा काढला ते सांगा. त्यातला एक म्हणाला की रिझल्टच्या रात्री मी शनिवारवाड्यापासून कात्रजपर्यंत चालत गेलो होतो, कोणाला फोनच करता येईना. वर्ग इतका शांत झाला की पंख्याची करकर ऐकू येत होती. त्या दिवशी लेक्चर संपल्यावर माझ्या टेबलाशी सात मुलं उभी होती आणि त्यातली चार अशी ज्यांचा आवाज मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता.

आणि मायर आणि सेलिग्मन यांनीच २०१६ मध्ये, पन्नासेक वर्षांनी, स्वतःचं जुनं म्हणणं उलटं केलंय, ते मला फार मोठं वाटतं. इतकी वर्षं ते म्हणत होते की हतबलता शिकली जाते. मेंदूवरचं नंतरचं काम बघून ते म्हणाले, असं नाहीये, दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, आणि शिकली जाते ती गोष्ट दुसरीच, माझ्या करण्याने काहीतरी फरक पडतो ही. म्हणजे वायडीच्या वर्षात मी आईच्या घरी माडीवर पडून असायचे, कोणी विचारायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचे, ते माझ्यात काही खोट होती म्हणून नव्हतं. आणि मी उठले कधी, तर शेजारच्या काकूंनी त्यांच्या आठवीतल्या मुलीला गणित शिकवशील का विचारलं तेव्हा. तिला बैजिक राशी जमायला लागल्या तीन आठवड्यांत. माझ्या करण्याने काहीतरी झालं. पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी त्यानंतर भरलाय, आधी नाही.

एक गोष्ट मात्र मध्येच थांबून लिहिते, कारण ती महत्त्वाची आहे. वाक्य जर "माझ्याच्याने होणार नाही" वरून "मी नसलेलंच बरं" कडे गेलं, कोणाच्याही तोंडून, गंमतीत म्हटल्यासारखं वाटलं तरी, तर तिथे कॉस एन पाय काढत बसायचं नाही. त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, त्याला सरळ विचारायचं, घरच्यांना आणि काउन्सेलरला त्याच दिवशी सांगायचं. टेली मानस म्हणून सरकारची फोनसेवा आहे २०२२ पासून, १४४१६ नंबर, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. माझ्या सगळ्या मुलांच्या फोनमध्ये तो नंबर मी पहिल्याच मीटिंगला सेव्ह करून घेते.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. दर मंगळवारी चारला यायचा, कधी पाच मिनिटं, कधी तास. टेलर सिरीज झाली. पार्शल डिफरन्सिएशन जमलं, आयगेन व्हॅल्यूजला अडला आणि नंतर तेही बरं झालं. एंडसेमचा पेपर लिहून आला तेव्हा म्हणाला, पहिला प्रश्न अडला होता मॅम, सोडला आणि दुसऱ्यावर गेलो.

रिझल्ट लागला गेल्या महिन्यात. एम वन राहिला त्याचा, ३ मार्कांनी. मला रात्रभर झोप नाही, सारखं वाटत होतं की आता परत ते वाक्य येणार, आणि फोन करू की नको, केला तर काय बोलू. सकाळी त्याचाच मेसेज आला, फोटोकॉपीचा फॉर्म भरलाय, पेपर कधीपर्यंत येतो साधारण. काल पेपर आला. त्याने मला एकाच पानाचा फोटो पाठवलाय, हाफ रेंजचं गणित, कॉस एन पायच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली, आणि खाली लिहिलंय, मॅम हे बरोबर आहे, पण पान १४ वर अडीच मार्कांची स्टेप तपासलेलीच दिसत नाही, मंगळवारी येऊ का.